मामलेदाराचा मुजरा

तिसगावात हायवेच्या कडेला ‘केसरी मोटार रिवायंडिंग’ अशी पाटी वाचली की परक्या माणसाला वाटतं, आत कुणी मांडी ठोकणारा गडी बसला असेल. आत बसलेला असतो कोंडीराम भिंगारदिवे. दंड म्हणाल तर वेलदोड्यासारखे, आणि पोट तेवढं चाळिशीनंतर हौसेनं पुढं आलेलं. आयुष्यात त्यानं लंगोट लावला तो तान्हेपणी. तरी तो केसरी आहे यात गावात दोन मतं नाहीत. विहिरीतली जळालेली मोटार खांद्यावर घेऊन येणारा माणूससुद्धा “केसरी, बघा बरं हिला काय झालंय” असंच म्हणतो, आणि कोंडीराम मोटारीकडं अशा नजरेनं बघतो की जणू तिला आता चितपट करणार.

हे केसरीपण त्यानं मिळवलं ते टीव्ही गेमवर.

तीस-बत्तीस वर्षांमागं तिसगावात टीव्ही गेम एकच होता, निसळ सरांच्या सुमंतचा. त्याच्या मामानं पुण्याहून आणलेला. निसळ सर शाळेत गणित शिकवायचे आणि घरी त्या डबड्याला शिव्या घालायचे. डोळे जातील, डोकं जाईल, पोरगं वाया जाईल, असा रोजचा पाढा. कॅसेटवर लिहिलं होतं नऊशे नव्याण्णव गेम. आत मात्र तेच सहा-सात गेम नवं बारसं करून पुन:पुन्हा यायचे. त्यातला एक होता बुरूज. खाली एक बारका गडी, वर मजल्यावर मजले, आणि पार टोकाला तांबडं पागोटं घालून एक ढेरपोट्या बसलेला. तो वरून पेटते बोळे फेकायचा. गावानं त्याचं नाव ठेवलं मामलेदार. वर बसतो, कुणाला वर येऊ देत नाही, आणि बसल्या जागेवरनं सारखं काहीतरी अंगावर टाकतो, म्हटल्यावर दुसरं नाव सुचणार तरी कुठलं?

सुमंत पलंगावर बसून खेळायचा. कोंडीराम उंबऱ्यात बसायचा. त्याच्याकडं काम असायचं अँटेना धरायचं, आणि सुमंतचा अंगठा दुखला की मग त्याची पाळी. सुमंतचा अंगठा लवकर दुखू दे, अशी प्रार्थना कोंडीरामनं जितक्यांदा केली तितक्यांदा दुसरी कशाची केली नसेल.

तर त्या साली गावची यात्रा. कुस्त्यांचा हगामा ठरलेला. मैदान भरलं, झाडांवर पोरं चढली, हलगी तापवून झाली, आणि जामखेडहून पैलवान घेऊन येणारी जीप वाटेतच बसली. गर्दी शिट्ट्या मारायला लागली, मग ढेकळं मारायला लागली. पंच होते गोरक्षनाना. हातात माईक, डोक्याला फेटा, आणि तोंडात असा पट्टा की नुसतं त्यांचं बोलणं ऐकून दोन माणसं मातीत उतरावीत. नाना कावले. म्हणाले, “आरं गावात जे काय लढतं ते आना! कोंबडं आना, एडकं आना!” कुणीतरी म्हणालं, निसळ सरांकडं टीव्हीत लढत्यात.

झालं. टेबल आलं, टीव्ही आला, बाभळीच्या खांबावरनं वायर आली. उन्हात पडद्यावर काही दिसेना म्हणून वर ताडपत्री टाकली. त्यामुळं झालं काय, की टीव्ही दिसायचा फक्त नानांना आणि पुढं बसलेल्या चार टकलांना. बाकी सगळं मैदान बघत होतं ताडपत्री आणि ऐकत होतं नानांना. आणि नानांनी जन्मात टीव्ही गेम बघितलेला नव्हता.

सुमंत पहिला बसला आणि अर्ध्या वाटेत पडला. मग कोंडीराम बसला. “आला, आला, भिंगारदिव्यांचा कोंडीराम आला! गडी चढतोय... मामलेदारानं आग टाकली... गड्यानं हूल दिली... पट काढला! ढाक लावतोय! अरे बघता काय, टाळ्या वाजवा!” कोंडीरामनं पट काढला नव्हता की ढाक लावली नव्हती. तो आपला बटण दाबत होता. पण मैदान पेटलं, हलगी कडाडली, आणि त्या आवाजावर त्याचा अंगठा असा चालला की गडी मजल्यामागून मजले मागं टाकत मामलेदारापर्यंत पोचला. एक घाव, दोन घाव. आता शेवटचा राहिला.

आणि लाईट गेली.

टीव्ही काळा. माईक मुका. हलगीवाल्याचा हात वरच्या वर थांबला. पाच-सात गावची माणसं ताडपत्रीकडं बघत राहिली. आता याचा निकाल लावायचा कसा? गोरक्षनाना टेबलावर चढले. त्यांनी मिशीवरनं बोट फिरवलं आणि बोंबलून सांगितलं, “कुस्तीचा कायदा काय हाय? जो मैदान सोडून पळाला तो पडला! मामलेदार पळाला! कोंडीराम इजयी!”

कायद्यात काही खोट नव्हती. कोंडीराम टेबलाजवळच बसला होता, आणि मामलेदाराचा पत्ता नव्हता. फेटा बांधला, नारळ दिला, गुलाल उधळला, आणि वाया गेलेल्या हगाम्याचा सगळा उत्साह गावानं त्याच्या खांद्यावर काढला. ज्या घराच्या उंबऱ्याच्या आत तो कधी गेला नव्हता, त्या घरावरनं त्याची मिरवणूक गेली. निसळ सरांनी खिडकी लावून घेतली.

गोष्ट एकदा गावाच्या हातात पडली की ती वाढायला खत लागत नाही. पहिल्या वर्षी लोक सांगायचे की लाईट गेली, पण कोंडीराम जिंकल्यातच जमा होता. पुढं सांगायला लागले की मामलेदार पडला आणि मग लाईट गेली. हायवे मोठा झाला तोवर ठरलं होतं की मामलेदार पडला म्हणूनच लाईट गेली, तो असा आदळला की पाथर्डीपर्यंतचे दिवे विझले. कोंडीरामनं कधी हो म्हटलं नाही, पण नाही असंही म्हटलं नाही. आतल्या आत मात्र एक जागा होती, दातात सुपारीचं खांड अडकावं तशी. तो शेवटचा घाव राहिला होता. वर काय होतं ते त्यानं बघितलंच नव्हतं.

हे खांड जिभेला रोज लागत होतं, पण दुखत नव्हतं. दुखवलं ते मोबाईलनं.

कोंडीरामची मुलगी अश्विनी नगरला फार्मसीला आहे. ती सुट्टीला घरी आली आणि जेवता जेवता म्हणाली, “पप्पा, हे निसळ म्हणजे तुमचे दोस्त ना?”

मोबाईलमध्ये सुमंत. दाढी पिकलेली, पाठीमागं निळे-जांभळे दिवे, बुडाखाली फिरती खुर्ची. पुण्यात मोठ्या कंपनीत होता, आता लेकीबरोबर चॅनेल चालवतो. लेकीचं नाव देवश्री, चॅनेलचं नाव ‘निरागस नव्वद’. दोघं जुन्या गोष्टींवर हळहळतात आणि लाखो लोक ती हळहळ बघतात. जुना गेम, जुनी गोळी, जुना कंपासबॉक्स. जे डबडं निसळ सरांनी तीनदा उकिरड्यावर टाकायला काढलं होतं, त्याला आता काचेचं कपाट होतं आणि कपाटात दिवा होता. माणसाचे आईबाप म्हातारे झाले तर त्यांनाही इतकी ऊब मिळत नाही.

सुमंत सांगत होता, “तिसगावसारख्या लहान गावातलं ते आमचं बालपण. साधं, निर्मळ. आजच्या मुलांच्या हातात सगळं आहे, पण ती मजा नाही. आणि अभिमानानं सांगतो, बुरूज हा गेम आमच्या जिल्ह्यात पहिल्यांदा संपवला तो मी. आणि दारात एक मुलगा असायचा, कोंडू. अँटेना धरून उभा. किती निरागस होता! अजून डोळ्यांसमोर येतो.” इथं त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. खाली हजारांनी बदाम उमटले.

कोंडीरामचा घास हातात राहिला. “कोन कोंडू?”

“आँटिना धरनारा,” बनुबाई म्हणाली. ही कोंडीरामची बायको. तिच्या बोलण्यात मीठ कमी कधी पडत नाही. “केसरी, केसरी म्हनून दिलं मला आयबापानं. घ्या, केसरी आँटिन्याला लटाकला!”

“त्यो सातव्या मजल्यावर पडायचा! सातव्या! सगळ्या गावानं बघितलंय!”

“गावानं काय बघितलंय? ताडपत्री.”

कोंडीराम त्या रात्री जेवला नाही म्हणतात, पण ते काही खरं नाही, तो एक भाकरी कमी जेवला. त्याला लागलं ते वेगळंच होतं. सुमंतनं खोटं सांगितलं त्याचं एवढं नाही. खोटं कोण सांगत नाही? पण ह्या माणसाच्या आठवणीत आपण अजून उंबऱ्यातच बसलोय, आणि तेही निरागस, हे त्याला गिळता येईना. सबंध जन्मात एकदाच तो कुणाच्या खांद्यावर बसला होता. तेवढी एक मिरवणूक ह्या गड्यानं फिरत्या खुर्चीवर बसून पुसून टाकली होती.

अश्विनीनं खाली लिहिलं की बुरुजाचे खरे केसरी माझे वडील आहेत, तिसगावात येऊन विचारा. लगेच माणसं धावली. मोबाईलवर माणसं आगीच्या बंबापेक्षा लवकर येतात, फरक एवढाच की येताना रॉकेल आणतात. पुरावा काय? फोटो आहे का? व्हिडिओ आहे का? मग एका शहाण्यानं लिहिलं, ‘संपवला असेल तर काका, शेवटी त्या पागोटेवाल्याचं काय होतं ते सांगा ना.’

अश्विनीनं मोबाईल धरला. कोंडीराम दुकानात स्टुलावर बसला, मागं तांब्याच्या तारेची वेटोळी. “सांगा पप्पा, शेवटी काय होतं?”

कोंडीरामनं तोंड उघडलं आणि तिथं काहीच नव्हतं. काळा पडदा होता. न्हाई म्हणावं तर केसरी गेला. आणि मग त्याला काय आठवलं कुणास ठाऊक, त्याचा आजा आठवला असेल, दाखल्यासाठी कचेरीच्या पायरीवर उकिडवा बसून अख्ख्या दुपारी घालवणारा. कोंडीरामचा आवाज एकदम खाली आला.

“शेवटाला का? शेवटाला मामलेदार खुर्चीवरनं उठतो. बुरूज उतरून खाली येतो, एकेक मजला. घाई न्हाई करत. गड्याच्या म्होरं येतो, डोक्याचं पागोटं काढून भुईवर ठिवतो, आन् कमरात वाकून मुजरा करतो. गडी काय बोलत न्हाई. नुस्ता हुबा असतो. मग लाईट जाते.”

मग लाईट जाते, हे त्याच्या तोंडून चुकून निघून गेलं. पण तेच लोकांना जास्त आवडलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत अश्विनी पळत आली. व्हिडिओ सुटला होता. आणि खाली काय लिहिलं होतं म्हणाल तर ऐकण्यासारखं. ‘मुजरा! अंगावर काटा आला! हे मी लातूरला मावशीकडे पाहिलंय.’ ‘आमच्या कॅसेटमध्ये तो दोनदा मुजरा करायचा.’ ‘सनई वाजायची त्या वेळी, आठवतंय का कुणाला?’ त्याच्याखाली पन्नास जणांना सनई आठवत होती. एकानं लिहिलं की हा मुजरा बघून बाबा रडले होते. त्या लिहिणाराचा फोटो बघितला तर मिसरूड फुटायचं होतं, कॅसेट म्हणजे काय ते आजोबांना विचारायला लागलं असतं. मामलेदार हे नाव तिसगावच्या शिवेबाहेर कधी गेलेलं नव्हतं. आता साऱ्या महाराष्ट्राला ते बालपणापासून पाठ होतं.

“पप्पा, एवढ्या लोकांनी संपवलाय गेम,” अश्विनी म्हणाली. “मग तुम्ही एकटेच केसरी कसे?”

कोंडीराम शटरचं कुलूप चाचपायला लागला. तेवढ्यात तिनं पुढचं वाचलं आणि त्याचा जीव भांड्यात पडून पुन्हा उडाला. खुद्द सुमंतनं लिहिलं होतं, ‘कोंड्या! अगदी बरोबर! मुजरा! मी विसरलोच होतो रे. डोळे भरून आले.’

कोंडीराम खो खो हसत सुटला. “आयला! ह्योबी वर पोचला न्हाई!”

“म्हणजे?” अश्विनीनं विचारलं. “ह्योबी म्हणजे अजून कोण?”

“काय न्हाई. चा सांग दोन.”

पण हसणं चहा येईपर्यंतही टिकलं नाही. लोकांनीच मागणी केली की दोन्ही मित्रांनी समोरासमोर बसून बुरूज खेळावा आणि मुजरा सगळ्यांना दाखवावा. देवश्रीचा फोन आला. बोलणं एवढं गोड की साखर कारखाना बंद पडावा. “काका, आम्ही रविवारी सकाळी येतो. बाबांचा तोच जुना सेट आणतो, तीच कॅसेट. तुमच्या दुकानातच लाईव्ह करू, एकदम ऑथेंटिक वाटेल. जो मामलेदाराला हरवेल तो केसरी. चालेल ना?”

नाही कसं म्हणणार? पळाला तो पडला, हा कायदा तर त्याच्याच नावावर होता.

शनिवारपर्यंत कोंडीरामनं दोन मोटारी उलट्या भरल्या. हरायचं भय नव्हतं त्याला, जिंकायचं होतं. हरलो तर अंगठा म्हातारा झाला म्हणता येईल. पण जिंकलो, आणि वर मुजरा नसला, तर? साऱ्या जगाच्या समोर कळणार की केसरी वर कधी गेलाच नव्हता. मग पाटी कुठल्या तोंडानं लावायची?

“पडा की मुद्दाम,” बनुबाई म्हणाली.

“सुमंताम्होरं? मरन पत्करीन.”

“मग जिंका.”

“जिंकलो तरी मेलोच.”

“मग मरायचंच हाय तर आंघूळ करून बसा उद्या. सारं जग बघनार हाय.”

रविवारी सकाळी दुकानापुढं बाजारासारखी गर्दी. सुमंत गाडीतून उतरला, “कोंड्या!” म्हणून मिठी मारली, आणि देवश्रीनं सांगितल्यावर पुन्हा एकदा मारली, कारण पहिली मिठी मोबाईलमध्ये नीट आली नव्हती. पंच म्हणून गोरक्षनानांना टेम्पोत खुर्ची टाकून आणलं. नाना आता पंच्याऐंशीच्या घरातले. डोळ्यांनी धूसर दिसतं, कानांनी तेवढंही नाही, पण फेटा कडक. नानांनी आल्या आल्या दोघांना सलामी करायला लावली आणि खिशातनं मैदानाची माती काढून मशिनीवर टाकायला निघाले. देवश्री किंचाळली. “नाना, नको! विंटेज आहे!”

“इंटेज असंल न्हाई तर पैलवान असंल. मातीबिगर कुस्ती?” नाना म्हणाले. शेवटी माती टेबलावर टाकायची तडजोड झाली.

सुमंत पहिला बसला. पहिले मजले झोकात चढला, लोकांना हसून दाखवलं, आणि सातव्या मजल्यावर, ज्या पायरीवर तो तीस वर्षांमागं पडायचा त्याच पायरीवर, पडला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा तर बोळा यायच्या आधीच घाबरून पडला.

“बाबा, तुम्ही तर संपवला होता ना?” देवश्रीनं मोबाईल त्याच्या तोंडापुढं धरला.

“त्या वेळी बटणं नवी होती,” सुमंत म्हणाला.

कोंडीराम बसला. वरच्या पंख्याकडं त्यानं एकदा आशेनं बघितलं. पंखा गरागरा फिरत होता. एरवी सकाळी हमखास जाणारी लाईट आज जागची हलायला तयार नव्हती. अंगठा बटणावर टेकला, तो क्षणभर अडखळला आणि मग आपला आपण चालायला लागला. चौथा मजला. सहावा. सातवा. तिथं गडी पडला तसा शेजारी बसलेला सुमंत ओरडला, “अरे थांबायचं तिथं! दोन बोळे जाऊ दे, मग उडी!”

“तुला ठाव हाय तर तू का पडतोस?”

“मला माहितीय, अंगठ्याला नाही! आता! मार उडी!”

कोंडीरामनं उडी मारली. गडी वर. “डावीकडं, कोंड्या, डावीकडं! खाली वाक! शाब्बास!” सुमंत खुर्चीवरनं घसरून जमिनीवर येऊन बसला होता, त्याच्या खांद्याला खांदा लावून. कोण कुणाविरुद्ध खेळतंय हे दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. पागोटं दिसलं. एक घाव. दोन घाव. कोंडीरामच्या कपाळावरचा घाम नाकावर आला. त्याला वाटलं, इथंच थांबावं, हाच खरा मजेचा मजला आहे. आणि अंगठ्यानं तिसरा घाव घातला.

मामलेदाराचे चौकोनी तुकडे झाले. टूं, असा एक आवाज आला, एखादी टिटवी चिरडावी तसा. आणि गडी पुन्हा तळाच्या मजल्यावर उभा. वर पुन्हा मामलेदार. पुन्हा बोळे.

पुढची माणसं माना लांबवून पडद्यात बघायला लागली.

“म्होरं?” कोंडीरामनं सुमंतला हळूच विचारलं.

“म्होरं काय... परत खालनं,” सुमंतही हळूच म्हणाला, आणि बोलता बोलता तो मूळच्या तिसगावच्या भाषेवर आला होता.

गोरक्षनानांनी शेजारच्याला कोपरानं ढोसलं. “मुजरा केला का त्यानं?”

“न्हाई केला, नाना!” तो कानात ओरडला.

“मग कुस्ती लागली न्हाई!” नानांनी हात वर केला. “पडनाऱ्यानं मानलं पायजे. बरोबरीत सोडवली!”

मोबाईलवर तर त्याहून कडक निकाल लागत होता. देवश्री वाचत होती आणि तिचा चेहरा पडत होता. ‘कॅसेट बनावट आहे.’ ‘मुजरा कुठे गेला?’ ‘आमच्या बालपणाशी खेळू नका.’ ‘पैशासाठी काकांना फसवलं.’ सुमंतनं कोंडीरामचा हात दाबला आणि मोबाईलकडं बघून घाईघाईनं म्हणाला, “मित्रांनो, ही बहुतेक नंतरची स्वस्तातली कॅसेट असावी. मूळ कॅसेटमध्ये मुजरा होता. काय कोंड्या?”

आता नुसती मान हलवायची होती. केसरी तसाच राहिला असता, पाटी तशीच राहिली असती. पण कोंडीरामच्या ध्यानात आलं की मान हलवली तर आत्ता घातलेला घाव खोट्या कॅसेटवरचा ठरतो. जन्मात पहिल्यांदा तो खरोखर वर गेला होता, लाईट असताना, जगाच्या डोळ्यांसमोर. आणि तेच नेमकं नाकारायचं, आणि जे कधी झालंच नाही ते जपायचं? त्यानं हात सोडवून घेतला.

“न्हाई,” तो म्हणाला. “मुजराबिजरा काय नव्हता. कॅसेट हीच. त्या यात्रंत लाईट गेल्ती, शेवटचा घाव राहिल्ता. मुजरा मी माज्या मनानं सांगितला. आन् ह्या सुमंतानंबी मनानंच आठवला. आज मातुर मी खरं जिंकलोय. हे काय दिसतंय ते दिसतंय. एवढंच हाय वर. काय न्हाई वर.”

बनुबाईनं पदर तोंडाला लावला, आणि नवऱ्याकडं अशी बघायला लागली की जणू आज पहिल्यांदाच दाखवायला आणलाय.

दहा मिनिटं गेली नसतील. अश्विनीनं मोबाईल पुढं केला. ‘काकांचा चेहरा बघा. त्यांच्यावर दबाव आहे.’ ‘बोलताना मागे बघत होते, कोणीतरी धमकावतंय.’ ‘एका प्रामाणिक माणसाला खोटं बोलायला लावलं.’ कोंडीराम मागं बघत होता ते खरं, पण तिथं बनुबाई उभी होती. संध्याकाळपर्यंत ‘केसरीला न्याय द्या’ म्हणून मोहीम सुरू झाली. सोनईच्या कुणा मंडळानं पाठिंब्याचा फलक लावला, त्यावर कोंडीरामचा फोटो, डोक्यावर चिकटवलेल्या पागोट्यासकट, आणि शेजारी कार्यकर्त्यांचे त्याहून मोठे फोटो. कोंडीरामनं अश्विनीकरवी तीनदा खुलासा केला. प्रत्येक खुलाशागणिक दबाव वाढतोय असं लोकांना दिसत गेलं. चौथ्यांदा त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं, तर त्याचाही फोटो फिरला. खाली ओळ होती, ‘शेवटी गप्प बसवलं.’

पाटी मात्र राहिली. उलट नगर, नेवासा, पाथर्डीहून मोटारी यायला लागल्या. जळालेल्याही आणि न जळालेल्याही. माणसं मोटार खाली ठेवायची, इकडंतिकडं बघायची आणि हळू आवाजात म्हणायची, “केसरी, आमी तुमच्या संगं हाय. मुजरा हुता.” पहिले दोन-चार दिवस कोंडीराम म्हणायचा, “नव्हता वं.” मग नुसता हसायचा. मग तेही सोडलं. गिऱ्हाईकाशी वाद घालून कुणाची मोटार भरून होते का?

दिवाळीच्या सुमारास कुणीतरी शेवट ‘सापडला’ म्हणून टाकला. पोरांनी कंप्युटरकडून करून घेतला होता हे आंधळ्यालाही कळलं असतं, पण नव्वदीच्या गेमसारखा सगळा चौकोनी चौकोनी, रंग विटलेले, वरती टीव्हीची मुंग्यांची खरखर. कोंडीराम दुकानात एकटाच होता. त्यानं मोबाईल तारेच्या वेटोळ्याला टेकवून ठेवला आणि बघितला. मामलेदार खुर्चीवरनं उठला. एकेक मजला उतरत खाली आला. घाई नाही. गड्यापुढं थांबला, पागोटं काढून भुईवर ठेवलं, आणि कमरेत वाकला. सनई वाजली. कोंडीरामनं पुन्हा लावलं. मग पुन्हा.

फोन वाजला. सुमंत होता. लाईव्हनंतर पहिल्यांदाच.

“कोंड्या, बघितलंस का रे?”

“बघितलं.”

हायवेवरनं उसाची गाडी गेली, तिचा आवाज पार लांब जाईपर्यंत.

“काय रे,” सुमंत म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखर दाटला होता, या खेपेला समोर कॅमेरा नव्हता. “असंच होतं, नाही?”

कोंडीरामनं बाहीनं डोळे पुसले, चष्मा लावला, आणि फोन चालू ठेवूनच चित्र पुन्हा लावून बारकाईनं न्याहाळलं.

“तसं जमवलंय पोरांनी,” तो म्हणाला. “पन मुजरा करताना त्यो एवढा वाकत नव्हता. आनि सनई मागनं वाजायची.”